घळीखालचं रिकामं कुरण

प्रिय योरुन,

आधी हातातला कॉफीचा कप खाली ठेव आणि मग हे वाच. ओट्टार बर्फ काढायची गाडी घेऊन वर तुमच्या वस्तीकडे निघालाय, त्याच्याबरोबर हे पत्र आणि एक जाड पुस्तक पाठवते आहे. फोन कालपासून बंद पडलाय. तुमच्या वळणावरचा खांब आडवा झाला म्हणे. चालत यावं तर असल्या वाऱ्यात माझं कंबरेचं हाड मला फाटकापर्यंतसुद्धा साथ देत नाही. माझा लेक स्टेनार बोटीवर, आणि बोट वादळामुळे शेजारच्या फ्योर्दात, पलीकडच्या त्या चिंचोळ्या खाडीत, नांगर टाकून बसलेली. म्हणजे त्या नव्या घरात तू आणि माझी नात, दोघीच. नाताळापासून आपण एकमेकींशी बोललेलो नाही हे मी विसरलेले नाही, तूही विसरली नसशील. ते भांडण आपण उन्हाळ्यात अंगणात बसून सावकाश पुरं करू. आज मला त्या घराच्या वर साचलेला बर्फ डोळ्यांसमोर दिसतोय आणि दुसरं काही सुचत नाहीये.

पुस्तकात मी लाल लोकरीचा धागा घातलाय, ते पान उघड. तू ते एकदा पाहिलं आहेस, पण तेव्हा घाईत. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी एक परदेशी चित्रकार घोड्यावरून आपला किनारा हिंडला आणि फ्योर्दांमागून फ्योर्द काढत गेला, त्याचं हे पुस्तक. शाळेनं रद्दीत काढलं तेव्हा मी घरी आणलं. डाव्या पानावर आपला डोंगर आहे, मधोमध ती घळ, आणि घळीखाली गवताच्या छपरांची पाच बुटकी घरं, घरट्यांसारखी एकमेकांना खेटून बसलेली. भोवती दगडी कुंपणाचं पूर्ण कडं. एक मुलगी दोरीवर कपडे वाळत घालते आहे, वाऱ्यानं चादर तिच्या तोंडावर आली आहे. आता कुंपणाच्या खालच्या कोपऱ्यातला तो चपटा मोठा दगड बघ. ओळखलास? तू ज्याच्यावर बसून कॉफी पितेस, तोच. तुझं घर त्या कुंपणाच्या आत आहे, योरुन.

आता आपलं स्वतःचं पुस्तक काढ, गावाच्या शंभरीला आम्ही छापलं ते. त्यातला सगळ्यात जुना फोटो तिसऱ्या पानावर आहे. डोंगर तोच, घळ तीच. पण घरटी नाहीत. कुरण मोकळं आहे, आणि सगळं गाव खाली दांड्यावर, वाळूच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यावर, लाटांचे तुषार खिडकीवर झेलत दाटीवाटीनं उभं आहे. वर ऊन आहे, गवत आहे, आडोसा आहे, आणि तिथं एक गोठासुद्धा नाही. कुंपण आहे, पण तीनच बाजूंनी. वरची बाजू गायब, आणि दोन्ही बाजूंची वरची टोकं खालच्या दिशेला वळलेली, घळीतून काहीतरी लोटत आल्यासारखी.

शाळेत मी वर्षानुवर्षं मुलांना इतिहास असाच शिकवला. सनावळ्या मला स्वतःलाच पाठ होत नव्हत्या, त्या पोरांच्या माथी कशाला मारायच्या? दोन पुस्तकं शेजारी शेजारी उघडायची, एकाच जागेची दोन चित्रं, आणि विचारायचं, आधी काय होतं जे आता नाही? पोरं बाकांवर चढायची. जुना धक्का, मिशनऱ्याचं घर, मासे वाळवायच्या माच्या, एकेक शोधून काढायची. आणि सगळ्यांत तल्लख कोण असेल? तुझा नवरा! त्याची नजर अशी की एकदा त्यानं चर्चचा मनोरा दोन फोटोंच्या मधल्या काळात वीतभर सरकलाय हे दाखवून पाद्रीबोवांना घाम फोडला होता. त्याच पोरानं मोठं होऊन नेमक्या त्या कुरणात घर बांधावं, ह्याला काय म्हणू!

तू रेक्याविकची, तुला आमच्या कमिटीचे नखरे माहीत नाहीत, म्हणून सांगते. शंभरीच्या पुस्तकासाठी आम्ही सगळा हिवाळा शाळेत बसलो होतो. घरोघरचे फोटो टेबलावर पसरायचे आणि सगळ्यांनी मिळून माणसं ओळखायची, डावीकडून उजवीकडे, नावानिशी. त्यात आमचं गाव फार पटाईत. हा इंगोल्फ, ही त्याची दुसरी बायको, हा तिच्या पहिल्या नवऱ्याचा कुत्रा. एका टोपीवरून दोन घराण्यांचं चार दिवस बोलणं बंद होतं. पण माणसांच्या मागे जो डोंगर उभा आहे त्याच्याकडे कुणी ढुंकून बघेना. मी ते परदेशी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, हे चित्र आणि हा फोटो समोरासमोर छापू या, आणि ही घरटी कुठं गेली ते लोकांना विचारू या.

ह्याल्मार तेव्हा नुकताच सरपंच झाला होता आणि कुरणाचे तुकडे पाडून नवी वस्ती वसवायचं त्याच्या डोक्यात होतं. तो हसून म्हणाला, "अगं गुडफिन्ना, तो परदेशी माणूस. पावसात भिजला असेल, ब्रँडी जास्त झाली असेल, काढली असतील चार घरं मनानं." मी म्हटलं, "आणि कुंपण? तेही ब्रँडीतून आलं?" तर म्हणे, वरच्या बाजूचे दगड लोकांनी धक्का बांधायला नेले. आता तूच सांग, धक्क्याला दगड न्यायचे तर माणूस समुद्राजवळची खालची बाजू उचलेल, की चढण चढून वरची? हे मी तिथंच विचारलं. सगळ्यांनी ह्याल्मारच्या बाजूनं हात वर केले. सगळ्यांची मुलं घर बांधायला जागा शोधत होती. ठराव झाला आणि चित्र छापलं गेलं ते एवढंसं, काड्यापेटीएवढं, खाली ओळ टाकून: चित्रकाराच्या कल्पनेतला आपला फ्योर्द.

हे लोक वाईट नाहीत गं. त्यांना खरंच ठाऊक नाही. मासळी सापडली आणि त्यांचे आजे-पणजे बाहेरून इथं आले, गावाची शंभर वर्षं मोजायची ती तिथपासून. त्याआधी घळीखाली जी माणसं राहत होती त्यांचं इथं कुणी उरलंच नाही, मग गोष्ट सांगणार कोण? दांड्यावर का राहायचं हेही कुणी सांगितलं नाही. बोटी जवळ हव्यात म्हणून, एवढंच सगळे म्हणत आले.

मग नाताळ आला. आपल्याकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळी पुस्तकं द्यायची आणि रात्रभर वाचत लोळायचं, त्यामुळे यंदा झाडून सगळ्या घरांत तेच एक पुस्तक गेलं. आणि झाडून सगळ्यांनी आधी आपला आजोबा शोधला. आजोबा सापडला की पुस्तक मिटलं! माझ्याकडे तुम्ही जेवायला होतात. धुरी दिलेलं मटण झालं होतं, खीर यायची होती, तिच्यात लपवलेला एकुलता बदाम कुणाच्या वाटीत निघतो ह्यावरून स्टेनारची चेष्टा चालू होती. तू बाळाला मांडीवर घेऊन पानं उलटत होतीस. तुझा आजोबा त्यात असायचं कारणच नव्हतं, म्हणून तू निवांतपणे चित्रं बघत होतीस. आणि तू सहज म्हणालीस, "कुठल्याच फोटोत आपल्या इथं घर का नाही? इतकी छान जागा आहे." योरुन, अख्ख्या गावात हे विचारणारी तू एकटी. मला इतका आनंद झाला की मी खीर तशीच टाकून कपाटातून हे जाड पुस्तक काढलं.

पुढचं तुला माहीतच आहे. मी चित्र दाखवत होते आणि स्टेनारचा चेहरा उतरत होता. शेवटी तो उठलाच. "आई, तुला आम्ही इथंच हवे आहोत, तुझ्या पदराखाली. घर घेतलं तेव्हापासून तुझं हेच चाललंय. आता चित्रकलेचा आधार!" तू त्याच्यामागून कोट घालून निघालीस. नवऱ्याबरोबर जाणारच, मीही तेच केलं असतं. पण दारातून तू मागे वळून पाहिलंस, माझ्याकडे नाही, टेबलावरच्या पुस्तकाकडे. ती नजर मी ओळखते. आयुष्यभर बाकांवर मी तिचीच वाट पाहिली आहे.

स्टेनार चिडला कारण त्यालाही ते दिसलं होतं. माझा विद्यार्थी आहे तो, त्याला न दिसून कसं चालेल? पण स्वतःच्या हातांनी बांधलेलं घर आहे ते, खिडक्यांना तुझ्या आवडीचा पिवळा रंग दिलाय. माणूस अशा वेळी आईवर चिडतो, त्यात नवल नाही. माझा त्याच्यावर राग नाही. आज तो बोटीवरून डोंगराच्या ह्या बाजूला बघत उभा असेल, मला खात्री आहे.

आता आजचं. सकाळी दुकानात गेले, शेजारणीच्या हाताला धरून. ह्याल्मार तिथंच होता. मी सगळ्यांसमोर म्हटलं, वरची घरं रिकामी कर. तो लोणी पिशवीत भरता भरता म्हणाला, "बर्फ दरवर्षी पडतो. उगाच बायकापोरांना घाबरवू नकोस." मी म्हटलं, "ह्या बाजूचा वारा दरवर्षी नसतो, आणि इतका सलग तर कधीच नसतो." तो म्हणाला, रिकामी करायला सांगितलं आणि काही झालं नाही, तर त्या जागा पुन्हा कोण घेईल? असं म्हणाला तो, आणि मग स्वतःच खाली बघायला लागला. त्याची स्वतःची मुलगी तुमच्यापासून तिसऱ्या घरात राहते. माझं ऐकावं असं त्याला वाटत होतं, पण ते त्याच्याच्यानं होईना.

घरी आले तेव्हा वारा थोडा वेळ पडला आणि डोंगर दिसला. स्टेनारच्या जुन्या दुर्बिणीतून पाहिलं. घळीच्या तोंडावर बर्फाचा छज्जा बाहेर आलाय, घराच्या छपरासारखा, आणि खाली घळ काठोकाठ भरली आहे. तिचे खडक ह्या दिवसांत नेहमी काळे दिसतात, आज एकही दिसत नाही. मग पुन्हा सगळं पांढरं झालं. मी दुर्बीण खाली ठेवली. भीती वाटते म्हणजे काय हे मी विसरले होते, इतकं वय झालंय. आज कळलं.

मी चुकत असेन. तो चित्रकार खरंच प्यालेला असेल, कुंपण मेंढ्यांनी पाडलं असेल, आणि उद्या उजाडेल तेव्हा तुझं घर जसंच्या तसं उभं असेल. तसं झालं तर स्टेनारला सांग, मला जन्मभर चिडव म्हणावं. मी प्रत्येक नाताळला खाली मान घालून ऐकून घेईन.

पण आता मी हे पत्र का लिहिलं ते ऐक. ओट्टार अंधार पडायच्या आत आणखी एकदाच वर येणार आहे, त्यानंतर तो रस्ता सोडून देणार. गाडीत त्याच्या शेजारी एकाच माणसापुरती जागा आहे. तू बाळाला कोटात गुंडाळून त्या जागेवर बसलीस, तर माझ्याकडे स्टेनारच्या खोलीत शेगडी पेटवून ठेवली आहे, पाळणाही माळ्यावरून काढून पुसलाय. तू आली नाहीस, तर त्या जागेवर मी बसेन. मी बूट आत्ताच घातलेत, कंबर बांधली आहे, ओट्टारनं नाही म्हटलं तर त्याला त्याच्या तिसरीतल्या गुणपत्रिकेची आठवण करून देईन. मी वर येईन आणि बाळाच्या खोलीत, घळीकडच्या भिंतीला पाठ लावून झोपेन, म्हणजे जे काही येईल ते आधी माझ्यापाशी येईल. ही धमकी नाही. तुम्ही दोघी तिथं असताना मला इथं दांड्यावर बसवणार नाही, एवढंच. आपल्या रीतीप्रमाणे बाळाचं नाव बारशापर्यंत तुम्ही कुणाला सांगितलेलं नाही, मलाही नाही, आणि मी कधी विचारलं नाही. त्या चादरीमागच्या मुलीचं नाव आज जगात कुणालाच माहीत नाही. माझ्या नातीचं नाव मला चर्चमध्ये, सगळ्यांच्या देखत, तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. गाडीचा दिवा दिसला की दार उघड.

आज संध्याकाळी एक तर तुझी यजमानीण, नाही तर तुझी पाहुणी, पण काही झालं तरी तुझीच,
गुडफिन्ना