बिनक्लचच्या गाडीचं तेल

२६ ऑक्टो. ७९
खाणीची बिनक्लचची पिकअप खालून गळूनच राहिली होती. विलायती इंजिनिअर गेला अन् जाताना गाडी आमच्या गळ्यात मारून गेला. तिच्या गिअरबॉक्सात लाल तेल, पाण्यावाणी पातळ. ते नागपुरातबी भेटत नाही. ट्रकचं जाडं गिअर-तेल ओतलं, गळणं बंद. नाकाडोंगरीच्या या गॅरेजात बारा वर्षं हेच करून राहिलो, पातळ गळलं का जाडं टाक. दयाराम ड्रायव्हर म्हणे, "उस्ताद, तुह्या हाताले तोड नाही." बरं वाटलं.

३ नोव्हें.
दयारामची बायको यमुना गेली. सकाळी थंडीत कापलेल्या धानाचे कडपे उचलताना साप चावला. त्यानं सोताच पिकअपमंधी टाकली, तुमसरच्या दवाखान्यात न्यायले. नाल्याच्या चढावर गाडी थांबली. इंजिन बोंबलते, चाक फिरत नाही. मंग बैलबंडी. वाटेतच संपली.
मयतीले जाऊन आलो. जेवलो. झोपलो.

५ नोव्हें.
पिकअप ओढून आणली. इंजिन ठीक. गिअरची दांडी पुढच्या खुणेवर टाकून रेस दिली. आवाज वाढते, शाफ्ट फिरत नाही. रिव्हर्सबी नाही. दांडीची केबल तुटली असंन म्हणून पाहिली, ती शाबूत. तेलाची पट्टी ओढली, तेल पुरं. म्हणजे आतच काही. आत काय असते मले ठावं नाही. हिची गिअरची पेटी कधी खोललीच नाही.

६ नोव्हें.
पेटीखालचं तेलाचं चेंबर उतरवलं. तेल काळंठिक्कर, जळका वास. तेल गाळायची जाळी गच्च. पेटी खोलली तं चकत्या जळून नुसता पत्रा राहिलेला.
खाणीचे साहेब वाकून पाहून गेले. "ड्रायव्हरनं जाळली. डावा पाय ब्रेकवर ठेवतो, मी पाहिलं आहे. तसं लिहून दे." तेबी खोटं नाही. क्लच नसला तरी दयारामचा डावा पाय क्लच शोधते अन् ब्रेकवर जाऊन बसते. पाय, का माह्यं तेल?
लिहून नाही दिलं. म्हटलं, तपासणी चालू आहे.

११ नोव्हें.
गाडीची इंग्रजी पुस्तिका सीटखाली होती, पहिल्या दिवसापासून. शाळेच्या गुरुजीले वाचायले नेली. ते बोट ठेवून सांगत गेले. पातळ लाल तेलच पाहिजे. तेच आत दाब देते, तेच चकत्या आवळते, तवा चाक फिरते. जाडं टाकलं तं थंडीत जाळीतून वर चढत नाही, चकत्या घसरतेत, जळतेत. पाय नुसता ब्रेकवर असला तं एका चढावर एवढं होत नाही.
"तू कोणतं टाकलं होतं रे?"
मी म्हटलं, लालच.
घरी बायको म्हणे, तोंड काहून असं? काही नाही म्हटलं.
यमुनाले मी मारलं. लिहून पाहिलं. काहीच वाटून नाही राहिलं. उद्याचं पाणी भरून ठेवलं.

१५ नोव्हें.
यमुनाची तेरवी. गाव जेवाले होतं. दयाराम सोता वाढून राहिला होता, "उस्ताद, अजून घे ना." वडे घेतले. भात दोनदा. त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

१८ नोव्हें.
साहेबाले रिपोर्ट उद्या पाहिजे. त्याच्या मनासारखा दिला तं दयारामची नोकरी गेली.
दुपारी तो सोताच गॅरेजवर आला. उघड्या पेटीपाशी उकिडवा बसला.
"माह्या पायानंच झालं ना? सांगून टाक. मीच मारलं तं तसं समजून जगतो."
"पायानं नाही. मी तेल जाडं टाकलं होतं. त्यानं झालं."
त्यानं एक जळकी चकती उचलली, उलटीपालटी करून पाहिली. मले वाटलं, आता मारंन. मारलं असतं तं बरं झालं असतं.
"टाकताना मालूम होतं?"
"नाही."
"मंग केव्हा मालूम झालं?"
"अकरा तारखेले."
त्यानं बोटावर मोजलं.
"म्हणजे तेरवीले माह्या घरी जेवला, तवा मालूम होतं."
"होतं."
उठला. सायकल घेतली अन् गेला.
साहेबाचा कागद समोर आहे. कारणाच्या जागी 'तेल' लिहिलं. सही अजून नाही केली.