तिथीची पाऊणपट

प्रिय अप्पा,

महिना झाला तुम्हाला जाऊन. रडू अजून आलेलं नाही. जेवते, झोपते, आईने सांगितलं की पाणी भरते. कॉलेजला गेलेले नाही. आज लिहायला बसले, कारण तुमच्याशी घातलेला वाद मी हरले आणि ते तुम्हाला सांगायचं राहिलं.

शेवटच्या वर्षाला मी खगोलभौतिकी घेतली, तेव्हा अख्ख्या मिरकरवाड्यात तुम्ही काय सांगत सुटलात? "माझी पोर ज्योतिष शिकते हां!" मग काय, बायका पत्रिका घेऊन दारात! किती चिडले होते मी. दोन दिवस बोलले नाही तुमच्याशी.

मग सूड उगवला. तुम्ही होडी चालवणारे तांडेल, जन्मभर भरतीची वेळ बोटांवर काढलीत. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मी वही काढून दाखवलं, भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते आणि तुम्ही पंचेचाळीसच धरता. "अप्पा, पंधरवड्यात सव्वा तासाचा घोटाळा!"

तुम्ही बर्फाच्या पेटीवर बसला होतात. "मग इतकी वर्षं माझी होडी गाळात कशी नाय रुतली गो?" एवढंच विचारलंत. मी सगळ्या खलाशांसमोर हसले, अप्पा. का हसले असेन?

काल आई म्हणाली, "कॉलेज सोडायचं तर सोड, पण अशी भिंतीकडे बघत नको बसू." म्हणून पुस्तक उघडलं. नेमकं भरती-ओहोटीचं प्रकरण निघालं. तुमच्यासारखं बोटांवर मोजून बघितलं. पौर्णिमेनंतर तुम्ही सोळा म्हणतच नव्हता! प्रतिपदा आली की पुन्हा एक. अमावास्येनंतरही पुन्हा एक. चूक सव्वा तासाच्या पुढे साठायच्या आत तुम्ही मोजणीच नवी धरत होतात. होडी रुतणार कशी?

तुम्हाला हे ठाऊक होतं का? की आजोबांनी शिकवलं म्हणून नुसतं करत होतात? आता कोणाला विचारू?

हे कळलं तेव्हाही रडू आलं नाही. पंचांग काढून तिथी बघितली.

उद्या प्रतिपदा आहे. कॉलेजला जाते. महिनाभराची हजेरी बुडाली ती बुडाली, एकपासून मोजते. आणि पुन्हा कोणी पत्रिका घेऊन आलं, तर तुमची शपथ, हाकलणार नाही. बसवून घेईन आणि भरतीची वेळ सांगेन. तुमच्या हिशोबाने.

तुमची ज्योतिषीण,
सुमी