मी आहे ना

४ जून
आले एकदाची! खोली लहान, पण वारा भरपूर. व्यसनमुक्ती केंद्र नवंकोरं आहे. भिंतींना अजून रंगाचा वास येतो. काम ऐकून आई फोनवर हसली. म्हणाली, नुसतं बसायचा पगार मिळतो होय! बसायचंच आहे खरं. डॉक्टरीणबाई आळंब्यांपासून काढलेलं औषध देतात. माणूस काही तास भलत्याच दुनियेत असतो, तेव्हा शेजारी कुणीतरी हवं. तेव्हा मेंदू म्हणे ओल्या मातीसारखा होतो. व्यसनाच्या जुन्या वाटा बुजतात, नव्या पडतात.

९ जून
पहिला पेशंट. सुतार, चाळिशीचा, दारूने पार पोखरलेला. बायकोने हाताला धरून आणला. औषध चढल्यावर छताकडे बघत लहान पोरासारखा रडायला लागला. मी हात धरला, म्हटलं, घाबरू नका दादा, मी आहे ना. संध्याकाळपर्यंत त्याने हात सोडला नाही.

१६ जून
दारूच्या नुसत्या वासाने त्याला ओकारी येते! बायको माझ्या पाया पडायला वाकली. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईला लगेच फोन केला.

२० जून
मी सुट्टी घेतली, तर सुताराला घाम, कापरं, शेवटी फिट. दारू एकदम बंद केल्यावर होतं, तस्संच. मी खोलीत शिरले आणि थांबलं. डॉक्टरीणबाईंनी त्याची नाडी बघितली. मग म्हणाल्या, वाट बुजली नाही. वळली. तुझ्याकडे.

२४ जून
दुसरा डोस दिला, मला लांब ठेवून. व्यर्थ. आधी मी नुसती दिसले तरी पुरायचं. आता माझा हात धरायला लागतो. मनगट काळंनिळं पडलंय. माफी मागतो, रडतो — सोडत नाही.

२७ जून
नोकरी सोडली. त्यालाही घरी पाठवलं. सकाळी त्याची बायको दारात. अन्नाला शिवत नाहीत, ताई, एकदाच चला, पोरांकडे बघून तरी. गेले.

२८ जून
दाराला बाहेरून कडी. फोन तिच्याकडे. ओरडले, तर शांतपणे म्हणाली, 'दारूसुद्धा मीच आणून द्यायचे, ताई. बेताबेताने. नाहीतर घर डोक्यावर घ्यायचे.'
सकाळी थोडा वेळ. दुपारी थोडा.

३० जून
हात पुरेना. केस मागितले. तिने कात्री आणली. माझ्याकडे बघितलं नाही.

१ जुलै
केसही पुरले नाहीत — भिंतीपलीकडे तो कण्हतोय — ती पोरांना सांगतेय, बाहेर खेळा, लांब जा, मी हाक मारेपर्यंत घरी येऊ — कडी —