कूमचा लचकलेला पाय

२ ऑक्टोबर, स्ट्रुमिका
राष्ट्रीय संघाची यादी लागली. माझं नाव नाही. सेंटरच्या जागी झ्वेझ्दान. बरोबरच आहे — तो आत्ता कुठे तिशीत आलेला, माझे गुडघे जिना चढतानाच कुरकुरतात. बल्गेरिया, रुमानिया, पोलंड — सगळीकडे पोटासाठी बास्केटबॉल खेळलो. देशाचा शर्ट मात्र एकदाही अंगावर चढला नाही. आणि हा मोसम शेवटचा. वाईट वाटलं. खूपच वाटलं.

३ ऑक्टोबर
झ्वेझ्दानला मिठी मारून आलो. कूम लागतो तो माझा — लग्नात साक्षीला उभा होता, लेकीचं नावही त्यानेच ठेवलं. त्याच्यावर रुसायची सोय नाही!

४ ऑक्टोबर
त्याच्या अंगणात आयवार, हिवाळ्यासाठीची मिरच्यांची चटणी. दिवसभर मोठ्या, गोडसर लाल मिरच्या भाजल्या, सोलल्या. कढई ढवळायला मी, कारण हात लांब. बाबा खुर्ची टाकून बसलेले. म्हणाले, "एवढा ताडमाड वाढवला, पण राष्ट्रगीताला उभा राहिलेला काही बघायला मिळाला नाही." सगळे हसले, मीही हसलो. झ्वेझ्दान तेवढा हसला नाही. "काका, रकियाचा एक पेला घ्या," म्हणाला आणि आत निघून गेला.

५ ऑक्टोबर
बोटांना अजून मिरच्यांचा वास.

६ ऑक्टोबर
झ्वेझ्दानचा पाय लचकला! मिरच्यांचं पोतं उचलताना, म्हणे. त्याने संघाला कळवून टाकलं, आणि संध्याकाळी प्रशिक्षकांचा मला फोन — "उद्या स्कोप्येला ये."
धावत त्याच्याकडे गेलो. सोफ्यावर आडवा, डावा पाय उशीवर, घोट्याला पट्टी. त्याची बायको रुमेना माझ्याकडे बघेचना. तोच म्हणाला, "तोंड काय पाडतोस, कूम? जा, माझ्या वाटचे धक्के खाऊन ये."
आनंद झाला. मग आनंद झाल्याची लाज वाटली.

१० ऑक्टोबर, स्कोप्ये
जेमतेम सात मिनिटं खेळलो. एक बास्केट, तीन फाउल. हरलो. पण राष्ट्रगीताच्या वेळी बाबा दिसले — टोपी काढून उभे, ओठ हलत होते. एरवी चर्चमध्येसुद्धा गात नाहीत.

११ ऑक्टोबर, स्ट्रुमिका
शर्ट घेऊन न कळवताच झ्वेझ्दानकडे गेलो. दार त्यानेच उघडलं. चांगला लंगडत होता — उजव्या पायाने.