ठाण्यात ठेवलेली बंदूक

रत्नागिरी,
१८ मे २०२५

तीर्थरूप रघूदादास,
ज्ञानूचा शि. सा. न. वि. वि.

आई एकदा म्हणाली होती की ही निवडणूक आणखी लांबली तर फार बरं होईल. मी तेव्हा लहान होते. आबा बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून नुकतेच घरी आले होते, कारण निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका जमा कराव्या लागत. आई भाकरी थापत होती आणि हे वाक्य ती तव्याकडे बघून बोलली. मला वाटलं, तिला प्रचाराच्या गाड्या आवडत असतील. गेल्या आठवड्यात तुझा ना-हरकतीचा कागद हातात आला आणि ते वाक्य पुन्हा ऐकू आलं.

फोनवर तू बरं आहे म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. विधानसभेच्या वेळी आबा बंदूक जमा करून आले आणि ती सोडवायला जाण्याआधीच गेले. पाठोपाठ श्रद्धावहिनी गेली. त्या सगळ्यात बंदुकीची आठवण कुणाला राहणार? आता तुला परवाना स्वतःच्या नावावर हवा आहे, आणि आबांची दुसरी वारस म्हणून माझी सही लागते.

डुकरांचा त्रास मी नाकारत नाही. पण आपल्या घरात नेमबाज म्हणून तुझी ख्याती काय आहे, ते मी सांगायला नको. तू बार काढलास, डुक्कर आरामात निघून गेलं आणि परसातला फणस जखमी झाला. आबा त्या झाडाला हळद लावून आले होते.

सही करण्याआधी मी इथल्या कलेक्टर कचेरीत चौकशी केली. तिथल्या बाई समजूतदार होत्या. त्या म्हणाल्या की वारसाला नको असेल तर परवाना असलेल्या दुकानदाराला ती रीतसर विकता येते, नाहीतर सरकारजमा करता येते. मग ती मोडीत काढतात. नळी बुजवून नुसती भिंतीला लावता येईल का, हेही विचारलं. मनाने काही करू नका, त्यालाही परवानगी लागते, असं त्या म्हणाल्या. फक्त ती तशीच ठाण्यात ठेवून विसरून जाता येत नाही.

दादा, मला वाटतं आपण ती देऊन टाकावी. सावकाश विचार कर. इकडे ह्यांच्या बर्फ कारखान्यात पावसाळी मासेमारीबंदीआधीची घाई आहे, मिरकरवाड्याच्या बोटी लवकरच किनाऱ्याला लागतील. आमची लेक पूर्वी तिच्या मामाची सारखी आठवण काढते.

माझ्यावरची माया आहे तशीच असू दे.

तुझी,
ज्ञानू


गाव,
२ जून २०२५

चि. सौ. ज्ञानू हिस रघूचे अनेक आशीर्वाद.

पत्र शेजारच्या बाबल्याच्या दुकानात पडून होतं, काल मिळालं. काय गो, फणसाचं तू अजून विसरली नाहीस! त्या झाडाला तेव्हापासून जास्तच फणस लागतात. माझं औषध लागू पडलं म्हणायचं.

तू वकीलच व्हायला हवी होतीस. पण दुकानदाराच्या कपाटात आबांची बंदूक उभी राहिलेली मला बघवणार नाही. मोडीत काढतात म्हणतेस, तेही मनाला पटत नाही. गेल्या वर्षी पोटरीत आलेलं भात डुकरांनी आडवं केलं. फटाके लावले तर ती वायच थांबतात, ऐकून घेतात आणि परत चरायला लागतात. माकडांनी काजूची बोंडं अर्धी खाऊन माझ्याच अंगावर टाकली. शेतकऱ्याला सरकार परवाना उगाच देत नाही.

बाकी इकडे सर्व ठीक. आपली चंद्री बाबल्याला देऊन टाकली, एकट्याला दूध लागतं किती! आबांची कोयतीही त्यालाच दिली, त्याच्या हाताला बसते. श्रद्धाच्या साड्या सावर्ड्याला तिच्या बहिणीकडे पोचवल्या. आईची समई पूर्वीसाठी घासून फडक्यात बांधून ठेवली आहे, वर तिचं नाव घातलंय. माझ्या निहारच्या मुंबईच्या खोलीत समईला जागा नाही. घर कसं सुटसुटीत झालं आहे. पडवीतून परसापर्यंत सरळ नजर जाते.

एवढी सही तेवढी कर. मग मी तुझ्याकडे काही मागणार नाही.

पाहुण्यांना नमस्कार, पूर्वीला गोड पापा. थोरल्या भावाचा राग धरू नये.

रघू


रत्नागिरी,
२९ जून २०२५

तीर्थरूप रघूदादास,
ज्ञानूचा शि. सा. न. वि. वि.

चंद्री दिलीस हे वाचून पूर्वी हिरमुसली. मी समईपाशी अडखळले. मुलीच्या लग्नात द्यायची वस्तू तू आत्ताच नाव घालून बांधून का ठेवलीस? निहारला फोन केला, तर तो म्हणाला की बाबा हल्ली मजेत बोलतात, कधी नव्हे ते त्याच्या साहेबाचीसुद्धा चौकशी करतात. त्याला त्याचा आनंद झालाय. मला झाला नाही.

सही केलेली नाही. कागद फाडलाही नाही, देवाच्या फळीवर ठेवलाय.

तुला आठवतं का, आपला धाकटा स्वरूप साप चावून गेला, त्या वर्षी आबा पडवीत बसून ती बंदूक पुसत असायचे. पुसून झाली की पुन्हा पुसायचे. मी एकदा तांदूळ काढायला कणगीत हात घातला तर आत बंदुकीच्या दारूची डबी लागली. आईने माझ्या हातातून ती घेतली आणि पुन्हा खोल खुपसली. कुणाला सांगू नको म्हणाली. दारू तांदळात का ठेवायची, हे मी विचारलं नाही. निवडणूक लांबावी असं तिला का वाटत होतं, ते आता मला कळतं. बंदूक ठाण्यात गेली की तिला झोप लागत असणार.

भाताचा तरवा काढायला आला असेल. लावणीला मी येऊ का? गुडघे कुरकुरतात, पण बांधावर बसून तुझ्या ओळी वाकड्या आहेत एवढं तरी सांगेन. वहिनी सांगायची तसं.

रागावू नकोस. रागावलास तरी उत्तर लिही.

तुझी,
ज्ञानू


गाव,
२० जुलै २०२५

चि. सौ. ज्ञानू हिस अनेक आशीर्वाद.

तुला वाटतं ते गुपित एकट्या तुलाच माहीत होतं. डबीचं मला ठाऊक नव्हतं, पण आईने मला त्या वर्षी पडवीत आबांशेजारी निजायला घातलं होतं. कारण सांगितलं नाही. आबांच्या धोतराचं टोक मुठीत धरून नीज, ओढ लागली की जागा हो, एवढंच सांगितलं. आबांना ते कळलं असणार. त्यांनी कधी टोक सोडवून घेतलं नाही. पुढच्या सुगीला ते हसायला लागले, तेव्हा आईने माझं अंथरूण परत आत घेतलं.

पण ज्ञानू, मी आबा नव्हे. तू उगाच मनाला लावून घेतेस.

खरं सांगायचं तर ती मला डुकरांसाठीच हवी आहे असं नाही. गेल्या दसऱ्याला आबांनी रिवाजाप्रमाणे ती खाली काढून पाटावर ठेवली, नांगर आणि कोयतीच्या शेजारी. श्रद्धाने सगळ्यांना हळदकुंकू लावलं. बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर तिचं बोट जरा घसरलं आणि पिवळा लांब पट्टा उमटला. पुसायला गेली, तर मी म्हटलं असू दे. लगेच निवडणूक लागली आणि बंदूक तशीच ठाण्यात गेली. घरात तिच्या बोटाची खूण आता कुठे नाही. साड्या मी देऊन टाकल्या, त्यांचा वास सोसत नव्हता. तो पट्टा मात्र ठाण्यात आहे.

शेताचं विचारतेस. यंदा लावणी केली नाही. तरवाच टाकला नाही. एकट्याच्या जेवणासाठी चिखलात कोण उतरणार? त्यामुळे तू येऊ नकोस, रस्ता खराब आहे.

सही कर बाय. एवढी एक गोष्ट भावाची ऐक.

सगळ्यांनी सुखात राहा.

रघू


रत्नागिरी,
२७ जुलै २०२५

तीर्थरूप रघूदादास,
ज्ञानूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी बर्फ कारखान्याच्या फाटकाशी उभी राहून ह्यांना वाचून दाखवलं. लावणीच्या ओळीपाशी हे म्हणाले, थांब, ते परत वाच.

शेतात भात नाही, दादा. मग डुकरं कशावर येणार होती?

परवा कचेरीत जाऊन माझी हरकत लेखी देऊन आले. आबांची मुलगी आणि वारस म्हणून ही बंदूक घरात यायला माझी संमती नाही, असं स्पष्ट लिहिलं. कारण लिहिताना तुझी लाज जाईल असं काही लिहिलं नाही. बाई म्हणाल्या, दोघांनी मिळून अर्ज केला तर सरकारजमा करणं सोपं जाईल. तो अर्ज घेऊन आले आहे.

मोडीत काढण्याआधी आपण दोघं ठाण्यात जाऊ. दस्ता बघायची परवानगी मागू. वहिनीचा पट्टा अजून असला तर ओल्या रुमालाने टिपून घेऊ, रुमाल तू ठेव. नसला, तर तो नाही हे आपण दोघांनी मिळून बघू. ते तू एकट्याने बघावंस असं मला वाटत नाही.

बंदूक गेली म्हणजे सगळं मिटलं, इतकी मी वेडी नाही. निहारला सगळं सांगितलंय. तो रागावला, मग रडला, आता रजा काढतोय. चंद्री सध्या परत आण म्हणून बाबल्याला निरोप दिलाय. तो म्हणाला की तिने तसंही त्याच्याकडे नीट खाल्लेलं नाही. समईची गाठ मी स्वतः सोडणार आहे आणि ती तुझ्या देवापुढे लावणार आहे. आणि सावर्ड्याला एक डॉक्टर आहेत, मन असं झालं की औषध देतात. मी बाहेर बाकावर बसेन.

तू आबा नव्हेस, हे मान्य. पण आबांच्या शेजारी तू होतास. तुझ्या शेजारी कोण आहे?

खरं म्हणजे तू इथे येऊन राहावंस, पण ते मी मागत नाही. कोंबड्या, घर, पाऊस अशी तुझी कारणं तयार असतील. म्हणून मी शनिवारच्या एसटीने येते आहे. रस्ता खराब असू दे. अंगणाच्या वाटेवरचं बेडं उघडं ठेव.

आणखी एक मागते. तू हसशील, मग चिडशील आणि नाहीच म्हणशील, हे मला आत्ताच दिसतंय. तरी पडवीत तुझ्याशेजारी माझं अंथरूण घालू दे, आणि तुझ्या पांघरुणाचं एक टोक माझ्या मुठीत दे.

तुझी,
ज्ञानू