टाकीच्या झाकणावर

शुक्रवार, धुळे

डोकं अजून तापलेलंच आहे. डेंग्यूसाठी दर शुक्रवारी कोरडा दिवस, म्हणजे घरोघरी पाण्याची भांडी रिकामी करून घासायची, आणि हे सांगत फिरायचं मी. पण गल्लीत नळ आला कालच, तोही आठ दिवसांनी. टाकी उपसा म्हटलं तर कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या अक्का सरळ झाकणावर जाऊन बसल्या. "कालच पानी उनं, आज फेकी दिऊ? तुना साहेबना घर रोज पानी येस, आमना घर नही!"

दुपारच्या बैठकीत आमच्या आरोग्य अधिकारी साहेबांना म्हटलं, कोरडा दिवस नळाच्या आदल्या दिवशी ठेवा, तेव्हा टाक्या तशाही तळाला गेलेल्या असतात. म्हणाले, "सिस्टर, धोरण वरून येतं. आपल्या हातात नाही." आणि चहा संपायच्या आत त्यांनीच ते धोरण बदललं! आता शनिवार. का, तर शुक्रवारी साहेबांच्या बैठका असतात. म्हणजे बदलता येतं तर! फक्त अक्कांसाठी येत नाही.

घरी आले तर आमचाही नळ येऊन गेलेला, टाकी काठोकाठ. उपसली मी? छे! हे लिहितेय तेसुद्धा तिच्याच झाकणावर बसून.