नळीवरचा बाण

१२ नोव्हेंबर

ती. बाबांना,

नमस्कार. गुडघा कसा आहे? आई फोनवर ‘बरा आहे’ म्हणाली, पण तिच्या तोंडून तुमचा गुडघा नेहमी बराच असतो. माझं ठीक चाललंय. जेवते, झोपते, मधूनच उठून प्रयोगशाळेच्या थंड खोलीत चक्कर मारून येते. कुठेच बूड टेकत नाही.

सत्काराच्या पत्रिका छापून आल्या म्हणे. तुमचे सगळे विद्यार्थी येणार, तो एक सोडून. त्यानं तुमच्यापुढे शंका काढली आणि तेव्हापासून आपल्या घरात त्याचं नाव निघालं नाही. हल्ली मला तो सारखा आठवतो.

उगाच घोळ घालतेय. सांगूनच टाकते.

समुद्रतळातून तुम्ही काढलेल्या गाळाच्या त्या गाजलेल्या नळीचा, उभा चिरून राखून ठेवलेला अर्धा भाग मी पुन्हा पाहिला. खाली शिंपल्यांचा गाळ, वर दलदलीची काळी माती. म्हणजे समुद्र मागे हटला आणि तिथे जमीन उघडी पडली, असं तुम्ही वाचलंत आणि आम्ही सगळ्यांनी ते पाठ केलं. बाबा, त्या काळ्या मातीत मुळं आहेत आणि ती बारीक होत होत वर गेली आहेत. तुम्ही म्हणाल, खारफुटीची असतील, तिची मुळं चिखलातून वर येतात. मीही तीच आशा धरून बसले होते. ती साध्या गवताची निघाली.

नळी उलटी आहे. समुद्र हटला नव्हता, दलदल बुडवत चढून आला होता. बोटीवरच्या गडबडीत कोणीतरी नळीवर वरची बाजू दाखवणारा बाण उलटा काढला.

कोणीतरी कसलं, तो बाण तुमच्याच हातचा आहे. मी ओळखते.

आईला सांगितलं. ती म्हणाली, “त्यांचा एक दिवस आनंदात जाऊ दे की गं. माती कुठे पळून जातेय?” तिचंही खरं आहे. पण तुम्ही व्यासपीठावरून तेच सांगणार आणि मी समोर बसून टाळ्या वाजवणार, हे माझ्याच्यानं होणार नाही.

हे सगळं मांडणारा लेख काल नियतकालिकाकडे छापायला पाठवला. आधी विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि मी ऐकलं असतं. मला त्याचीच भीती वाटली.

सत्काराला मी येणार आहे. रागवा, चारचौघांत मला खोटी पाडा, इथे येऊन मुळं स्वतः तपासा. पण माझ्याशी बोलणं टाकू नका बाबा. तेवढं मला सोसणार नाही.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
धाकटी